द्वारकेहून पुण्याला: घरचे कागद पाठवताना

माझ्या नणंदबाई द्वारकेला राहतात. श्रीकृष्णाच्या नव्हे, दिल्लीच्या, सेक्टरांच्या द्वारकेला. मागे सासऱ्यांचा पुण्यातला फ्लॅट विकायचे ठरले. करारनामा, सगळ्या वारसांचे आधार व पॅन त्यांच्याकडे आणि वकील पुण्यात. वन्सं पिशवी घेऊन जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने पटापट स्कॅन केले, स्वतःच्याच मेलवरून वकिलांना पाठवले. दहा मिनिटांत काम फत्ते!

चार दिवसांनी त्या पुन्हा तिथे गेल्या, तर संगणकाच्या पडद्यावर आपल्या वडिलांचे नाव! शेजारी कितीतरी अनोळखी लोकांची नावे, जन्मदाखले, पासबुके. ‘‘अगं, कपाटाला तीन कुलपं लावणारी मी, आणि घरचे कागद बाजारात मांडून आले,’’ फोनवर त्यांचा आवाज कापत होता.

गंमत म्हणजे घरी चांगला संगणक होता. आमच्याकडेही आहे. मग एका संगणकातून दुसऱ्यात फाइल पाठवायची तरी कशी?

जिकडेतिकडे वेगाचीच चर्चा असते. पण आठ-दहा कागदांना वेग हवा कशाला? ते कोणत्याही मेलमधून जातात. जीमेलला २५ एमबीपर्यंतची जोडणी चालते. त्यांना हवे ते कुलूप. सेव्हन-झिप नावाचा फुकट प्रोग्रॅम सगळे कागद एका फाइलीत बांधून पासवर्ड लावतो. त्यात एईएस-२५६ हा पर्याय निवडावा आणि फाइलींची नावेही झाकावीत. पासवर्ड मात्र त्याच मेलमध्ये लिहू नये, फोनवर सांगावा. ई-आधारला पासवर्ड असतोच की, असे कुणी म्हणेल. पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. शेजारीणसुद्धा ओळखेल! जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे.

वेगाचा प्रश्न आला तो नंतर. वन्संनी लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या, त्या झाल्या १८ जीबी. गूगल ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी, आणि तीही मेल व फोटोंसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर एका फाइलीची मर्यादा २ जीबी. इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. इंटरनेटवाले सांगतात तो बहुधा उतरवण्याचा वेग. पाठवणाऱ्याला चढवण्याचा वेग लागतो. तो २० एमबीपीएस असेल तर १८ जीबीला निदान दोन तास, १०० असेल तर अर्ध्या तासाच्या आत. पुण्याकडचे कनेक्शन कितीही वेगवान असो, दिल्लीची तोटी बारीक असेल तर धार बारीकच.

आम्ही सिंकथिंग निवडले. तेही फुकट. दोन्ही संगणकांनी एकमेकांचे लांबलचक ओळखक्रमांक मान्य केले की फोल्डर कुलूपबंद होऊन थेट इकडून तिकडे जातो. कुणाच्या गोदामात प्रत राहत नाही. वीज गेली तर जिथे थांबले तिथून पुढे सुरू. अट एवढीच की दोन्हीकडचे संगणक एकाच वेळी चालू हवेत.

भाच्याने एफटीपी सुचवले होते. ही पद्धत १९७१ साली अभय भूषण या आपल्याच आयआयटी कानपूरच्या पदवीधराने अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना मांडली. अभिमानाची गोष्ट! पण तेव्हा संगणक मोजके, त्यामुळे पासवर्डही उघडाच जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यापीठात असे पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. त्यावर चालणारे एसएफटीपी वापरावे, जुने एफटीपी नको. क्रोम आणि फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये त्याला निरोप दिला. एसएफटीपी उत्तमच, पण ते मांडून द्यायला जाणता माणूस लागतो.

आणि हो, ‘मदत करतो, एवढे अ‍ॅप टाका’ म्हणत कुणी अनोळखी फोनवर आपल्या संगणकाचा ताबा मागू लागला, तर फोन ठेवून द्या. फाइल पाठवायला ताबा द्यावा लागत नाही.

लग्नाची फिल्म रात्री साडेअकराला पूर्ण आली. दुकानातली फाइल वन्संनी समोर उभे राहून पुसून घेतली, रिसायकल बिनमधूनही. ‘‘आता ‘सेंट’ मेल उघडा,’’ त्या म्हणाल्या. फाइल तिथेही होतीच.