खडूची खूण आणि अडीच फेरे

ओहायोतल्या एका घरामागच्या गॅरेजात, लाकडी बाकावर ॲल्युमिनियमचा एक गिअरबॉक्स आडवा पडलाय. गाडीमालकाने तो जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणला, 'एम-२२' म्हणून. म्हणजे मन्सीचा प्रसिद्ध 'रॉक क्रशर'. शेजारी १९६९ ची शेव्हेल बिनगिअरबॉक्सची उभी आहे. म्हातारा मेकॅनिक काही बोलत नाही. बाजूच्या झाकणाचे सातही बोल्ट तो काढतो, बोट आत घालून स्लायडर मागे सरकवतो, म्हणजे पहिला गिअर पडतो. मग पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने एकेक रेघ ओढतो.

आता फक्त मोजायचं. मागचा शाफ्ट एक फेरी पुरी करेपर्यंत पुढचा किती फेऱ्या खातो? एक. दोन. आणि आणखी अर्धी.

अडीच म्हणजे मन्सीचाच, पण एम-२०. एम-२१ किंवा एम-२२ असता तर दोन फेऱ्या आणि वर एक-पंचमांश एवढ्यावर रेघ जुळली असती. मालकाचा चेहरा पडतो. मेकॅनिक टॉर्च आत मारून गिअरचे दात दाखवतो. ते चांगले तिरके आहेत, एम-२२ चे बरेच सरळ असतात. त्या सरळपणातच त्याच्या टोपणनावाचा उगम आहे. तिरके दात एकमेकांत अलगद शिरतात, एका वेळी जास्त दात भार घेतात, म्हणून आवाज कमी. पण ते गिअरना शाफ्टच्या दिशेने रेटतातही, त्यातून उष्णता वाढते आणि कवचावर ताण येतो. दात सरळ केले की रेटा घटतो, बॉक्स जास्त मार सोसतो, आणि बदल्यात कण्हतो. खडी क्रशरशेजारून ज्याची एसटी गेली असेल त्याला हे नाव समजावून सांगायला नको. तरीही याच कण्हण्यावर लोक भाळतात आणि शर्यतीसाठी घडवलेला बॉक्स बाजारहाटाच्या गाडीत बसवतात.

मन्सी हे इंडियानातलं गाव. जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्यात १९६३ ते १९७४ या काळात हा चार गिअरांचा बॉक्स बनला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. त्याआधी शेव्हरलेटचं काम बोर्गवॉर्नरच्या टी-१० वर चाले. १९५७ साली कॉर्व्हेटला चौथा गिअर मिळाला तो त्याच्यामुळे. फोर्डने १९६४ मध्ये स्वतःचा 'टॉपलोडर' आणला. त्याचं कवच बिडाचं, आणि झाकण बाजूला नसून वर, म्हणून हे नाव. बाजूला भोक नसल्याने कवचाच्या भिंती अखंड राहतात. उचलताना कंबर धरते हे खरं, पण त्या पिढीतला सगळ्यांत शहाणपणाने आखलेला बॉक्स कोणता म्हणाल, तर हाच. क्रायस्लरचा ए-८३३ ही तसाच दणकट. हेमी इंजिनासाठी त्याच्या पुढच्या शाफ्टवर १८ जाडजूड स्प्लाइन, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेले दाते, असत, साध्या गाड्यांना २३ बारीक. १९७० पासून त्याच्यावर पिस्तुलाच्या मुठीसारखा दांडा आला, आणि आज अनेकांना बॉक्सपेक्षा ती मूठच आठवते.

हॉट रॉडवाल्यांची गोष्ट याहून जुनी. त्यांचा लाडका बॉक्स १९३९ च्या फोर्डचा, तीन गिअरांचा. पुढच्याच वर्षी फोर्डने दांडा जमिनीवरून स्टिअरिंगखाली नेला, आपल्या पद्मिनीसारखा, आणि वेगवेड्यांना तो पटला नाही. या बॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी रिंग, नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. जुन्या ट्रकवर हात बसलेले आपल्याकडचे ड्रायव्हर याला डबल क्लच म्हणतात. चुकलं तर बॉक्स अख्ख्या गल्लीला कळवतो.

बाकाशी मात्र हिशोब वेगळाच चाललाय. शेव्हेलच्या मागच्या डिफ्रन्शियलचा रेशो ३.७३. मेकॅनिक पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गुणाकार मांडतो. एम-२० चा पहिला गिअर २.५२, गुणिले ३.७३, म्हणजे ९.४. एम-२२ चा २.२०, त्याचे होतात ८.२. सिग्नलवरून उठायला दहाच्या आसपासचा आकडा बरा, असा या लोकांचा ठोकताळा. म्हणजे फसवून गळ्यात मारलेला बॉक्सच या गाडीला जास्त सोयीचा! एम-२२ बसवला असता तर प्रत्येक सिग्नलला क्लचप्लेट घासत गाडी उठवावी लागली असती. मालकाला हे पटतं, आवडत मात्र नाही.

पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला हायवे. २६ इंची टायर, चौथा गिअर सरळ एकास एक, ताशी १०० किलोमीटर: इंजिन जवळपास ३००० फेऱ्यांवर. तासभर असं चालवलं की गप्पा ओरडूनच माराव्या लागतात. पाचवा गिअर ०.६८ चा असता तर हेच इंजिन २०४० च्या आसपास फिरलं असतं. जुन्या चार-गिअरी बॉक्सांची सगळी भव्यता इथे अडखळते.

म्हणून बोर्गवॉर्नरच्या टी-५ ला मागणी आली. १९८० च्या दशकातल्या मस्टँग-कॅमॅरोंतून निघालेला हा पाच-गिअरी बॉक्स हलका, जेमतेम ३४ किलोचा. एस-१० पिकअपमधल्या टी-५ चा दांडा पुढे येतो, त्यामुळे सलग बाकाची सीट असलेल्या जुन्या गाड्यांत तो छान बसतो. त्याची मर्यादा ताकदीची. मोठ्या इंजिनाने दोनदा जोरात उसळी घेतली की आतले दात बाहेर यायची भीती. सुधारलेल्या 'वर्ल्ड क्लास' टी-५ मध्ये तर ऑटोमॅटिक गाड्यांचं पातळ तेल लागतं. सवयीने जाड गिअर ऑइल ओतलं की अस्तर लावलेल्या सिंक्रो रिंगा नीट धरत नाहीत, आणि दोष बॉक्सला लागतो.

मोठ्या इंजिनांसाठी आता ट्रेमेकचा टीकेएक्स आहे. या मेक्सिकन कंपनीने १९९६ मध्ये बोर्गवॉर्नरचा मॅन्युअल गिअरबॉक्सचा धंदा विकत घेतला. टीकेएक्स जुन्या गाड्यांच्या बोगद्यात बसावा म्हणूनच अंग चोरून आखलाय; सहा-गिअरी टी-५६ घालायचा तर बहुतेकदा गाडीची जमीन कापावी लागते. पण नवा बॉक्स आणला की काम संपत नाही. इंजिन आणि बॉक्स यांना जोडणाऱ्या बेलहाउसिंगच्या गोल भोकाचा मध्य आणि क्रँकशाफ्टचा मध्य यांतला फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. तो डायल इंडिकेटर लावून, क्रँक हाताने फिरवत मोजायचा. जास्त निघाला तर सरकलेल्या मध्याच्या डॉवेल पिना घालून दुरुस्त करायचा. ही अर्ध्या दिवसाची कटकट टाळणाऱ्यांच्या नव्या कोऱ्या बॉक्सांतही गिअर जड पडतात, आणि ते बेअरिंगं खातात.

मालक पुठ्ठा उलटसुलट करतो. पाचव्या गिअरसाठी पैसे पुढच्या वर्षी, असं स्वतःशीच पुटपुटतो. मेकॅनिक बाजूच्या झाकणाला नवं गॅस्केट लावतो, आतले फोर्क स्लायडरच्या खाचांत बसलेत ना हे टॉर्चने पाहतो आणि बोल्ट हाताने फिरवायला घेतो. सहा बसतात. सातवा तेलाच्या ताटलीत सापडतो, खडूच्या तुकड्याखाली.