डहाणूच्या गाडीत खिडकीची जागा

बाबांनी सव्वीस वर्षे गाडीत उभे राहून नोकरी केली, असे आमच्या घरात थट्टेने म्हणतात. कारखाना तारापूर औद्योगिक वसाहतीत, घर नालासोपाऱ्याला. निवृत्तीनंतर एकदा ते सहज बोलून गेले, "सफाळ्याला डोंगर दिसतात म्हणे. मला कायम समोरच्याची पाठच दिसली."

तेवढे पुरे झाले. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून घेतली, आणि केवळ गाडीत बसायचे म्हणून सहकुटुंब निघालो. शेजाऱ्यांनी विचारले, "काय काम आहे डहाणूला?" काही नाही, असे सांगताना जरा संकोच वाटला. कष्टकऱ्यांच्या घरात बिनकामाचा प्रवास अजून चैनच समजतात.

विरारला डहाणू लोकल मिळाली, आणि बाबांना खिडकी. पूर्वी येथे गाडी बदलावीच लागे. त्याचे कारण बाबांनी नातवाला समजावून सांगितले. विरारच्या दक्षिणेला तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता आणि उत्तरेला २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह. इकडची लोकल तिकडे धावू शकत नव्हती, म्हणून पुढे शटल. २०१२ मध्ये दक्षिणेकडचा प्रवाह बदलून झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. तोवर फलाट बदलताना किती धावपळ केली, हे बाबांचे गुडघेच सांगतील.

वैतरणेच्या खाडीवर दोन पूल आहेत, आणि त्यांच्या मध्ये पाण्याने वेढलेली वाढीव आणि वैतीपाडा ही गावे. वैतरणा स्टेशन गाठायला या लोकांना वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरूनच चालावे लागले. शाळेची मुले, आजारी माणसे, सगळीच. गाडी आली की अंग चोरून उभे राहणारी माणसे बाबांनी दारातून पाहिलेली. पूल ओलांडेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

सफाळ्याला तांदुळवाडीचा डोंगर दिसला. हिवाळ्याची कोवळी उन्हे, कापलेल्या भाताची शेते, बगळे. केळवे रोडनंतर पालघर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, त्यांचे स्मारक गावात आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून सरकारी कामाला ठाण्याचे हेलपाटे वाचले.

उमरोळी गेले आणि बोईसर आले. गाडी थांबताच बाबा पिशवी घेऊन उठले! आम्ही हसलो, तेही हसले; पण बसताना डोळे जरा पाणावले होते. येथून पश्चिमेला, समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातले हे पहिले, १९६९ साली सुरू झालेले. पुढच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना घरेदारे सोडावी लागली. आपल्या खोलीत दिवा लागतो, त्यामागे कुणाचे अंगण गेले, हे पोरांना सांगायलाच हवे.

वाणगाव म्हणजे मिरचीचा मुलूख. डहाणू रोडला उतरून रिक्षाने समुद्र गाठला. सुरूच्या सावलीत डबे उघडले. याच डहाणू आणि उंबरगाव भागात १९४५ साली वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकरांनी त्याची कहाणी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. आमच्या मुलीने विचारले, "वेठ म्हणजे काय?" बाबांनी तिला आपल्या आजोबांचे गाव सांगितले. पुढचा अर्धा तास समुद्राकडे कुणाचे लक्ष नव्हते.

परतीला एका बाईकडून चिकू घेतले. पिकलेले वेगळे आणि उद्याचे वेगळे, तिनेच निवडून दिले. संध्याकाळची गाडी मात्र वाटेत बराच वेळ खोळंबली. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या पुढे गेल्या. येथे लोकलला वेगळे रूळ नाहीत. विरार ते डहाणू चौपदरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. डब्यात त्याचाच विषय निघाला, आणि बाबा अनोळखी पासधारकांशी जुन्या गड्यासारखे बोलू लागले.

बोईसरला पाळी सुटलेली गर्दी चढली. बाबांनी सरकून चौथ्याला जागा करून दिली. खिडकी मात्र विरारपर्यंत सोडली नाही.