पूर्णेचे पाणी आणि उभी लाट

बुलढाणा जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकरकडे पडलेले पाणी पैनगंगेतून आणि खडकपूर्णेतून गोदावरीकडे जाते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात उतरते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पट्ट्यातले पाणी पूर्णा घेते. ही पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. मग हतनूर आणि उकाई ही धरणे ओलांडून, सुरत मागे टाकून, ते पाणी खंबातच्या आखाताच्या तोंडाशी अरबी समुद्रात शिरते.

भारताच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा सर्वांत मोठा खेळ याच आखातात चालतो. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण पाच मीटरचा फरक पडतो. भावनगरजवळ तो दहा मीटरच्या वर जातो. म्हणजे तीन मजली इमारतीएवढे पाणी सहा तासांत चढते आणि पुढच्या सहा तासांत उतरते. एवढे पाणी आत-बाहेर करायचे, तर ते धावतच जाणार. भरतीच्या या धावत्या पाण्यावर मुद्दाम होडी घालणाऱ्यांचा एक खेळ जगात आहे. त्याचे नाव सागरी कयाकिंग.

कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, वरून बंद होडी. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्यांवरचे इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि तिच्यातून सीलची शिकार करत. आजची सागरी कयाक फायबरची किंवा प्लास्टिकची असते. लांबी पाच मीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम दोन फूट. बसणाऱ्याच्या कमरेभोवती जलरोधक पडदा असतो आणि तो होडीच्या तोंडाला घट्ट बसतो, त्यामुळे लाट अंगावरून गेली तरी पाणी आत येत नाही. होडी उलटली, तर सराईत माणूस पाण्याखालूनच दुहेरी पात्याचे वल्हे फिरवून पुन्हा सरळ होतो. ही युक्तीही इन्युइटांचीच.

या होडीचा वेग मात्र बेताचा. तासन् तास वल्हवायचे तर ताशी सहा-सात किलोमीटर पुष्कळ झाले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्कूकमचक या चिंचोळ्या खाडीत पाणी ताशी तीस किलोमीटरच्या आसपास धावते. नॉर्वेतल्या बोडो शहराजवळची साल्टस्ट्राउमेन ही सामुद्रधुनी सुमारे दीडशे मीटर रुंद आहे. तिथला प्रवाह जगातल्या सर्वांत वेगवान भरती-प्रवाहांत गणला जातो. अशा पाण्याशी मनगटाच्या जोरावर झुंजायचा प्रश्नच नाही. म्हणून या खेळाचे पहिले हत्यार वल्हे नसून भरतीचे वेळापत्रक आहे.

हे वेळापत्रक कसे चालते, ते कोकणातल्या कोळ्याला कुणी शिकवावे लागत नाही. तिथीला पाऊणने गुणले की मुंबई-कोकणातल्या पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्यांचा जुना हिशेब. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वा अकरा. हिशेब ढोबळ आहे, पण त्यामागचे गणित पक्के आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे पडते. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात विभागली जाते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे कमी चढ आणि कमी उतार.

इथे घाटावरचा वाचक एक रास्त शंका काढील. चंद्र पाणी ओढतो, तर लोणारच्या सरोवराला भरती का येत नाही? त्याचे पाणी तर खारेही आहे. उत्तर असे, की भरती चंद्राच्या नुसत्या ओढीने येत नाही, ती दोन ठिकाणच्या ओढीतल्या फरकाने येते. लोणारचे विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. एवढ्याशा अंतरात चंद्राच्या ओढीत काही फरकच पडत नाही. महासागराची दोन टोके हजारो किलोमीटर दूर असतात, तिथे तो पडतो. आखाते आणि सामुद्रधुन्या तर हा फरक स्वतः निर्माणही करत नाहीत. महासागराने आणलेले पाणी त्या चिंचोळ्या तोंडात कोंडतात आणि त्याला वेग देतात, एवढेच.

सहा तासांच्या भरतीत हा वेगही सारखा नसतो. सहा मीटर पाणी चढायचे असेल, तर पहिल्या तासात अर्धा मीटर चढते, दुसऱ्यात एक, तिसऱ्या आणि चौथ्या तासात दीड-दीड, पाचव्यात एक आणि शेवटच्यात पुन्हा अर्धा. दर्यावर्दी हा ठोकताळा फार जुन्या काळापासून वापरत आले आहेत. मधले दोन तास धोक्याचे आणि खेळाडूंच्या मते मजेचेही. भरती संपून ओहोटी सुरू होताना थोडा वेळ पाणी जवळजवळ थांबते. सामुद्रधुनी पार करायची ती त्या वेळी.

आता उभी लाट. समुद्रकिनाऱ्यावरची लाट चालत येते आणि फुटते; तिच्यातले पाणी मात्र जवळपास जागेवरच वरखाली होते. उभ्या लाटेचे उलट असते. पाणी धो धो पुढे जाते आणि लाट जागची हलत नाही. जोरात वाहणारे पाणी बुडालेल्या खडकाच्या पायरीवरून खाली उतरते, पुढच्या संथ आणि खोल पाण्यावर आदळते आणि तिथेच उचलले जाते. प्रवाह तोच आणि खडक तोच, म्हणून लाटही त्याच जागी. कयाकवाला प्रवाहाकडे तोंड करून या लाटेच्या उतारावर बसतो. उतार त्याला पुढे, खाली ओढतो. प्रवाह मागे रेटतो. दोन्ही जोर सारखे झाले की तो एकाच जागी तरंगत राहतो, खालून पाणी सुसाट निघून जाते. काठावरून पाहणाऱ्याला होडी थांबलेली दिसते.

वेल्समध्ये रॅम्सी बेटाजवळच्या खडकांच्या रांगेवर, स्कॉटलंडमध्ये कॉनेलच्या पुलाखाली ‘फॉल्स ऑफ लोरा’ला, कॅनडात स्कूकमचकला याच लाटांसाठी लोक दुरून येतात. कॉनेलला लाट ओहोटीला उठते, स्कूकमचकला भरतीला. तिथी चुकली तर त्याच जागी साधे पाणी पाहून परतावे लागते.

वेळ चुकण्याची किंमत यापेक्षा मोठीही असू शकते. स्कॉटलंडच्या जुरा बेटावर जॉर्ज ऑर्वेल ‘1984’ ही कादंबरी लिहीत होते. ऑगस्ट 1947 मध्ये तीन वर्षांच्या मुलाला आणि भाचरांना घेऊन ते छोट्या मोटारबोटीतून परतत असताना भरतीच्या वेळांचा हिशेब चुकला आणि बोट कोरिव्हरेकन सामुद्रधुनीच्या भोवऱ्यांत सापडली. इंजिन निसटून समुद्रात गेले. वल्ह्यांनी कशीबशी एका खडकाळ बेटापर्यंत मजल मारली, तिथे उतरताना बोटच उलटली. पुढे कोळ्यांच्या बोटीने त्यांना सोडवले. या सामुद्रधुनीच्या तळातून खडकाचा एक सुळका वर आलेला आहे, पाणी त्याच्यावर आपटून घुसळते. कयाकवाले हे ठिकाणही ओलांडतात, पण भांगाच्या दिवशी, पाणी थांबायच्या वेळेला आणि वारा पडलेला असताना. प्रवाहाच्या उलट दिशेने वारा वाहत असला की लाटा ताठ आणि उंच होतात, म्हणून वाऱ्याचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा.

मग पूर्णेचे पाणी जिथे जाते, त्या खंबातच्या आखातात हा खेळ का नाही? प्रवाह तर तिथेही जबरदस्त आहे. पण नुसता प्रवाह पुरत नाही. उभ्या लाटेला पक्का खडक लागतो आणि उलटलेल्याला विसावायला शेजारी शांत पाणी लागते. खंबातच्या तळाशी गाळ आणि वाळूचे सरकते बांध आहेत. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. त्यात होडी अडकली, तर उतरून चालताही येत नाही, आणि पुढची भरती झपाट्याने येते. हे पाणी खेळायचे नाही, अदबीने वागवायचे.

ही अदब फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक समुद्रवर्णनात बरिगाझाच्या, म्हणजे आजच्या भरूचच्या भरतीचे सविस्तर वर्णन आहे. पाणी एकाएकी चढते, नांगरलेली जहाजे ओढली जातात, लहान होड्या उलटतात. म्हणून राजाने नेमलेले स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन जहाजांना सामोरे जात. भरती सुरू झाली की त्यांना वर ओढून नेत आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगरून ठेवत. पैठण आणि तेरचा माल याच बंदरावर गाड्यांतून उतरे. वेल्समधला कयाकवाला आज वेळापत्रक पाहून जे करतो, ते भरूचचे कोळी दोन हजार वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी करत होते.

आधुनिक सागरी कयाकिंगमध्येही मराठी नाव आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी 2015 मध्ये मुंबई ते गोवा हे अंतर एकट्याने कयाकने कापले. पुढे 2016-17 मध्ये त्यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरचा पश्चिम किनारा वल्हवला. किनाऱ्याने शांजली शाही सायकलवरून त्यांना साथ देत होत्या. या मोहिमेची महाराष्ट्रात व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या राज्यात अजूनही सहलीचे शिक्षक आणि पालक मुलांना पाण्यापासून लांब ठेवणे एवढीच सुरक्षितता मानतात. भरती कधी पालटते, हे मुलांना कुणी सांगत नाही.

घाटाखालच्या गावांना एक प्रकारची उभी लाट मात्र पाहायला मिळते. पुराचे पाणी रपट्यावरून ओसंडून पलीकडे पडते, तिथे पांढरी फेसाळ लाट जागच्या जागी घुमत राहते. ती खेळायच्या लाटेची बहीण नव्हे. रपट्याच्या पायथ्याशी वरचे पाणी उलटे, रपट्याकडेच परत फिरते आणि सापडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा खाली दाबते. लाकडाचे ओंडके तिथे तास-तास गरगरताना दिसतात, ते याच कारणाने. जगभरचे कसलेले कयाकवालेही बंधाऱ्याखालच्या या घुमणाऱ्या पाण्यापासून दूर राहतात.

दिवाळीनंतर बुलढाण्याहून बरेच लोक कोकणात, तारकर्लीकडे सहलीला जातात. तिथे खाडीत कयाक भाड्याने मिळते. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय तिच्यात बसू नये. निघण्यापूर्वी होडीवाल्याला आज भरती किती वाजता भरते ते विचारावे आणि तिथीवरून आपणही ताडून पाहावे. भरती चढत असताना खाडीत आत जावे आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परतावे, मात्र पाणी ओढ घेते त्या खाडीच्या मुखापासून बरेच अलीकडे थांबावे.