डाव्या खांद्याची बंदूक

इंग्लंडच्या ग्रामीण भागात छऱ्याच्या बंदुकीने होणाऱ्या शिकारीचे दोन संप्रदाय फार जुन्या काळापासून शेजारीशेजारी नांदत आलेले आहेत. एक हाकाऱ्याचा. त्यात निमंत्रित पाहुणे नेमून दिलेल्या जागी रांगेने उभे राहतात आणि रानातून उठवलेले फेझंट पक्षी त्यांच्या डोक्यावरून जातात. दुसरा संप्रदाय ‘रफ शूटिंग’ या नावाने ओळखला जातो. त्यात ना पाहुणे, ना हाकारे. एखादा शेतकरी, त्याचा एखादा स्नेही आणि पुढे झुडपे हुंगत चालणारा स्पॅनियल कुत्रा, एवढ्याच लवाजम्यानिशी बांधाबांधाने आणि ओढ्याकाठाने दिवसभर पायपीट करायची, आणि जे समोर उठेल, मग तो ससा असो, वुडकॉक असो किंवा पाणलावा, त्याचा ऋतू खुला असल्याची खात्री असल्यास त्यावर बार टाकायचा. फेझंटची मुदत 1 ऑक्टोबरपासून 1 फेब्रुवारीपर्यंत, तित्तिराची 1 सप्टेंबरपासून सुरू होणारी, असे हे पंचांग तिथल्या शिकाऱ्याला तोंडपाठ असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे प्रकरण मिटवले. तेव्हा हा विषय मराठी माणसाच्या कामाचा झालाच, तर तो विलायतेत जाऊन राहिलेल्या आणि तेथील रीतसर परवाना मिळवलेल्या माणसाच्या.

या पायपिटीच्या शिकारीत स्वयंभरणी बंदूक, म्हणजे एक बार उडाल्यावर रिकामे काडतूस आपणच फेकून दुसरे भरणारी बंदूक, सोयीची ठरते. कारण तिचा धक्का खांद्याला सौम्य लागतो आणि तिची किंमत त्याच दर्जाच्या दुनळी बंदुकीपेक्षा बहुधा कमी असते. परंतु शिकारी डावखुरा असला, आणि दहांत एक माणूस डावखुरा असतो असे सर्वसाधारण मानले जाते, तर त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. दुनळी बंदूक मधोमध मोडते आणि काडतुसे मागे फेकते, त्यामुळे तिला डावेउजवे फारसे नसते. स्वयंभरणी बंदूक मात्र आपले रिकामे काडतूस उजव्या कुशीतल्या खिडकीतून बाहेर टाकते, आणि डाव्या खांद्याला ती लावणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून ते जाते.

हा दोष जन्मजात आहे. अमेरिकेतील जॉन ब्राउनिंग या असामान्य शस्त्रकाराने अशी पहिली यशस्वी बंदूक सिद्ध केली तेव्हा विंचेस्टर कंपनीने प्रत्येक नगामागे मानधन देण्याची त्याची अट अमान्य केली. तेव्हा तो रेमिंग्टनच्या दारी गेला, आणि 1902 च्या जानेवारीत भेटीसाठी ताटकळत बसला असता त्या कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या आकस्मिक निधनाची वार्ता त्याच्या कानी आली. अखेर बेल्जियममधील हेर्स्ताल येथील एफएन कारखान्याने ती हाती घेतली. ‘ऑटो-5’ या नावाने ती शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली, आणि तिची उजवी खिडकी पुढच्या जवळजवळ सर्व बंदुकांनी वारसाहक्काने उचलली. 1963 साली आलेल्या रेमिंग्टन 1100 ने काडतुसाच्या वायूवर चालणारी यंत्रणा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली आणि तिची डावखुरी आवृत्तीही पुढे निघाली. इटलीत राफाएलच्या जन्मगावी, उर्बिनोत, 1967 साली स्थापन झालेल्या बेनेलीने वायूऐवजी धक्क्याच्या जडत्वावर चालणारी रचना रूढ केली आणि डावखुऱ्यांसाठी आरशातली प्रतिमा वाटावी अशी बंदूक नियमाने देऊ केली. पण ती महाग. स्वस्ताईचा मार्ग तुर्कस्तानातून आला. इझमिरच्या हात्सानच्या ‘एस्कॉर्ट’ बंदुका डाव्या बाजूने काडतूस फेकणाऱ्या स्वरूपात ब्रिटनमधील दुकानांत दिसू लागल्या, आणि विंचेस्टर एसएक्स 4 चीही डावखुरी आवृत्ती निघते.

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एक तपास घरीच करून घ्यावा, आणि तो हाताचा नव्हे, डोळ्याचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या एखाद्या खांबावर बोट रोखावे आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने बोट खांबावरून हलत नाही, तो प्रबळ डोळा. पुष्कळ डावखुरे उजव्या डोळ्याचे असतात, आणि उलटही घडते; अशा माणसाने केवळ हाताचे ऐकून डावी बंदूक घेतली तर नेम सतत बाजूला जातो आणि दोष बंदुकीला दिला जातो. नेमबाजीतील जुने शिक्षक ही पायरी प्रथम घेतात. दुकानदार सहसा घेत नाहीत.

त्यानंतरचा विचार दस्त्याचा. उजव्या खांद्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, तो डाव्या गालाला विरुद्ध दिशेने ढकलतो. आजच्या पुष्कळ बंदुकांसोबत दस्ता आणि पेटी यांच्या सांध्यात बसवायच्या पातळ चकत्या मिळतात, त्या उलट्या लावून हा बाक डावीकडे आणता येतो. चापाजवळच्या आडव्या सुरक्षा खटक्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. तो उजव्या तर्जनीला सुलभ अशा दिशेने सरकतो. डावखुऱ्याला तो अडचणीचा पडल्याने खटका मोकळा ठेवूनच चालण्याचा मोह होतो, आणि पुढे कुत्रा चालत असताना व तारेच्या कुंपणावरून पाय टाकताना तो मोह प्राणघातक ठरू शकतो. काही बंदुकांत हा खटका उलटा बसवता येतो. ते काम बंदूकसाजाकडून करून घ्यावे, आणि तीच बंदूक घरातील उजखुरा माणूसही वापरणार असेल तर करूच नये. चेहऱ्यासमोरून उडणाऱ्या काडतुसाचा मात्र अकारण बाऊ केला जातो असे माझे मत आहे. ते पुढे व उजवीकडे जाते, क्वचित एखादा काजळीचा कण गालाला लागतो. चष्मा घातला की भागते. उलट उजवी खिडकी असली तर डावा हात मुठीवरच ठेवून उजव्या हाताने काडतूस भरता येते, ही सोय डावखुऱ्या बंदुकीत उरत नाही.

कायद्याकडे मात्र कानाडोळा करून चालणार नाही. 1987 च्या हंगरफर्ड येथील हत्याकांडानंतर 1988 साली 1968 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली, आणि दोनहून अधिक काडतुसे सामावणारे कोठार असलेली स्वयंभरणी बंदूक साध्या शॉटगन परवान्याबाहेर गेली. कोठारात दोन आणि चेंबरमध्ये एक, अशी तिनाची मर्यादा ठरली. जुनी बंदूक विकत घेताना कोठार कायमचे बंद केल्याचा लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षणगृहाचा दाखला तपासावा. तो नसेल तर व्यवहार मोडावा. परवान्याची मुदत 5 वर्षांची, आणि देणारा अधिकार पोलीस खात्याचा.

आता छऱ्यांचा पेच. पाणथळ जागी शिशाचे छरे इंग्लंडात 1999 पासून वर्ज्य आहेत आणि 2025 च्या जुलैत सरकारने ही बंदी व्यापक करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणून आज बंदूक घेणाऱ्याने तिच्यावर पोलादी छऱ्यांच्या कठोर परीक्षेची लिलीच्या फुलाची खूण आहे किंवा नाही, हे पाहून घ्यावे. याच कारणास्तव फार जुनी, पातळ नळीची बंदूक स्वस्त दिसली तरी ती महागच पडते.

वायूची बंदूक की जडत्वाची, हा वाद शिकाऱ्यांत अखंड चालतो. वायूची बंदूक हलक्या काडतुसांवर अधिक बिनचूक चालते आणि धक्का कमी देते, मात्र तिचा दट्ट्या वारंवार साफ करावा लागतो. जडत्वाची बंदूक चिखलपावसात निर्वेध राहते, पण हलक्या भाराच्या काडतुसांत कधीकधी अडते. पायपिटीची शिकार करणाऱ्याने तिसरी गोष्टही तोलावी, ती म्हणजे वजन. तीन-साडेतीन किलोचे धूड दिवसभर वाहायचे असते.

निवाडा असा: वर्षातून थोडाच वेळ रानात जाणाऱ्या डावखुऱ्याने नव्या महागड्या डाव्या बंदुकीच्या मागे न लागता चकत्यांनी जुळवता येणारी, खटका उलटवता येणारी आणि पोलादी छऱ्यांची खूण असलेली वायूची बंदूक, वापरलेली असली तरी चालेल, घ्यावी. जो नित्य जातो त्याने तुर्की डावखुरी बंदूक प्रथम हाती घेऊन पाहावी, आणि पसंत पडली नाही तरच इटालियन बंदुकीसाठी खिसा रिकामा करावा. कोणतीही घेतली तरी कुंपण ओलांडण्यापूर्वी बोल्ट मागे ओढून चेंबर व कोठार दोन्ही रिकामी केल्याचे सोबत्याला दाखवावे.