रविवारचं वचन कोण ठरवतं?

चर्चमध्ये रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, हे फादरांच्या किंवा पाळकांच्या त्या दिवशीच्या मनावर असतं, असा एक सर्रास समज आहे. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती शेजार लाभलेल्या घरांतही तो ऐकू येतो. कॅथलिक मिस्सेपुरतं तरी हे खरं नाही. १० ऑगस्ट २०२५ च्या रविवारी कोल्हापूर, वसई, मनिला आणि रोममध्येही एकच शुभवर्तमान नेमलेलं होतं: लूकच्या बाराव्या अध्यायातलं, लग्नाहून परतणाऱ्या धन्याची वाट पाहत जागणाऱ्या चाकरांचं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, ३० नोव्हेंबर १९६९ ला, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून वाचनांचा हा नवा क्रम लागू झाला. त्याआधी दरवर्षी तेच ते उतारे फिरून येत. आता तीन वर्षांचं चक्र आहे. पहिलं वर्ष मत्तयचं, दुसरं मार्कचं, तिसरं लूकचं. ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो, ते लूकचं वर्ष. मात्र ते सुरू होतं आदल्या नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी. ‘मग योहानाला डावललं का?’ असं अनेक जण विचारतात. या चौथ्या शुभवर्तमानकाराला डावललेलं नाही. ईस्टरच्या आसपासचे बहुतेक रविवार त्याचेच असतात. शिवाय मार्कचं पुस्तक लहान असल्यामुळे त्याच्या वर्षात योहानाचा सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो.

आणखी एक समज श्रद्धाळू मंडळींतही पक्का आहे: त्या दिवसाच्या सगळ्या वाचनांचा विषय एकच असतो. काल्याच्या कीर्तनाला काल्याचाच अभंग घ्यावा, तसं जुन्या करारातलं पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळवून निवडलेलं असतं, आणि स्तोत्र त्या पहिल्या वाचनाला उत्तर देतं. पण साधारण रविवारी पत्रांमधलं दुसरं वाचन आपल्या चालीनं पुढे जात राहतं. मागच्या रविवारी पौल आपल्या पत्रात जिथे थांबला, जवळपास तिथूनच तो पुढे बोलतो. त्याचा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी संबंध जुळला तर जुळला. प्रवचनात तिन्ही वाचनं ओढूनताणून एका दोऱ्यात ओवली जातात, तेव्हा मला पौलाबद्दल वाईट वाटतं. त्याचं म्हणणं त्याच्या ओघातच ऐकायला हवं.

‘प्रॉटेस्टंटांकडे असा काही क्रमच नसतो’, हेही अर्धवट खरं. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि पुढे त्यांचं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ते आजही आहेत. या परंपरेचा मूळ पिंड पारायणाचा: एक पुस्तक घ्यायचं आणि ओळीनं पुढे जायचं. झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीनं १ जानेवारी १५१९ ला मत्तयपासून तसा आरंभ केला. त्याच परंपरेतल्या कॅल्विनला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं. १५४१ मध्ये तो परतला तेव्हा कोणाला बोल न लावता, सोडला होता तिथूनच त्यानं उतारा पुढे सुरू केला. कोल्हापुरातल्याच ऑल सेंट्स चर्चची अँग्लिकन परंपरा वेगळी. तिच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रत्येक रविवारचं पत्र आणि शुभवर्तमान छापलेलंच होतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा हे दोन्ही प्रवाह त्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांनी आपल्या उपासनापुस्तकात कॅथलिकांचा तीन वर्षांचा क्रम थोड्या बदलांनी घेतला! पुढे अनेक चर्चेसनी मिळून १९९२ मध्ये सुधारित सामायिक वाचनक्रम काढला. स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत मात्र उतारा सहसा उपदेशकच निवडतो.

वाचनं वेगळी म्हणजे बायबलच वेगळं, असंही सरसकट नाही. त्या १० ऑगस्टला सामायिक क्रमातही लूकचा तोच भाग होता. फरक पहिल्या वाचनात होता: कॅथलिकांना ज्ञानग्रंथातला उतारा, तर सामायिक क्रमाच्या एका पर्यायात उत्पत्तीतला, आकाशातले तारे मोजायला निघालेला अब्राहाम. ज्ञानग्रंथ कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नाही. क्रमाचा आरंभही सगळीकडे सारखा नाही: ग्रीक परंपरेच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा वाचनक्रम ईस्टरला योहानाच्या पहिल्या अध्यायानं उघडतो, आणि केरळच्या सुरियानी मंडळींचं उपासनावर्ष नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं.

तीन वर्षं न चुकता चर्चला गेलं की पूर्ण बायबल ऐकून होतं, हा समज मात्र सोडायलाच हवा. रविवारी जुन्या कराराचा फारच थोडा भाग कानी पडतो. स्वतःचा जीव धोक्यात घालून आपल्या लोकांना वाचवणाऱ्या एस्तेर राणीचं पुस्तक कॅथलिक रविवारांत एकदाही येत नाही. सामायिक क्रमात ते तीन वर्षांत एकाच रविवारी येतं, तेही पर्याय म्हणून. तिची गोष्ट घरीच उघडून वाचावी लागते. दहाच अध्याय आहेत.