बोंडअळीची पाहणी : यंत्राची नजर व शेतकऱ्याचा निर्णय

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. नुकसान बाहेरून दिसेपर्यंत उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून नियमित पाहणी हाच तिच्या बंदोबस्ताचा पाया होय.

या कामी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य उपलब्ध झाले आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. किडीचे छायाचित्र मोबाईलवरून पाठविले असता कीड ओळखली जाते व उपायांचा सल्ला मिळतो.

परंतु मिटलेल्या बोंडातील अळी छायाचित्रात दिसत नाही. बोंड फोडण्याचे काम मनुष्यासच करावे लागते. त्यासाठी एकरी २ कामगंध सापळे लावावेत व त्यांतील पतंग रोज मोजावेत. शेताच्या निरनिराळ्या भागांतून २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास, अथवा २० पैकी २ बोंडे किडलेली निघाल्यास उपाय योजावा. तत्पूर्वी रासायनिक फवारणीची घाई करू नये.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. अनावश्यक फवारणी टळल्यास पैशाबरोबर जीवाचा धोकाही टळतो.

यंत्राचे उत्तर व फोडलेल्या बोंडाची स्थिती जुळत नसेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने पंप उचलू देण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.