पुढच्या चाकांचे सांधे

नाशिककडून भाजीपाला घेऊन मुंबईस निघालेली पिकअप गाडी कसाऱ्याचा घाट उतरूं लागली, कीं तिचा सारा भरंवसा मुठींत मावतील अशा कांहीं पोलादी सांध्यांवर असतो. इंजिन बंद पडलें तर गाडी वाटेंत उभी राहते. परंतु यांतील एखादा सांधा निखळला तर चाक आडवें होतें आणि गाडी चालकाच्या हातीं राहत नाहीं. म्हणून या सांध्यांची झीज कशी ओळखावी व ते कसे बदलावे, हें गाडीच्या मालकानेंही जाणून घेण्याजोगें आहे.

आंस स्थिर ठेवून पुढचें प्रत्येक चाक आपापल्या खुंटाभोंवतीं वळवावें, ही कल्पना म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर या गाड्या बनविणाऱ्या कारागिराची. इंग्लंडांत तिचें पेटंट रुडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं घेतलें. मोटारींत या खुंटास किंगपिन म्हणूं लागले. पुढें १९५४ सालीं फोर्डच्या मोटारींत त्याची जागा बॉल जॉइंटनें घेतली. यांत माणसाच्या खुब्याप्रमाणें वाटीमध्यें गोळा फिरतो. त्यामुळें चाक खालींवर झुलतें आणि दोहों बाजूंस वळतेंही. ज्या पिकअप गाड्यांचीं पुढचीं चाकें स्वतंत्र झुलतात, त्यांपैकीं बहुतेकींत प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन भुजांना बॉल जॉइंटनीं जोडलेलें असतें. टाय रॉडच्या टोंकांचे सांधे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोंचवितात.

या सांध्यांवर रबरी टोपण असतें. तें फाटलें कीं ग्रीस बाहेर जातें, धूळ-पाणी आंत शिरतें व वाटी झिजूं लागते. खड्ड्यांतून जातांना खडखड ऐकूं येते, टायर एका कडेनें झिजतो, स्टिअरिंग सैल भासतें. परंतु हें सारें इतकें हळूहळू घडतें कीं चालकाचा हात त्यास सरावतो. म्हणून खरी परीक्षा चाक उचलूनच करावी लागते.

येथें एक फसगत संभवते. स्प्रिंगचा भार खालच्या भुजेवर असेल, तर जॅक त्या भुजेखालींच लावला पाहिजे. चेसिसखालीं लावल्यास स्प्रिंग भुजेला खालीं रेटते, सांधा ताणलेला राहतो आणि झिजलेला असूनही घट्ट वाटतो. भार उतरल्यावर चाक वर व खालीं धरून हालवावें. हिसका जाणवल्यास सहकाऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें; हिसका नाहींसा झाला तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो, राहिला तर बॉल जॉइंटचा संशय घ्यावा. डाव्याउजव्या बाजूंस धरून हालविल्यास टाय रॉडचे सांधे कळतात. किती ढिलाई चालेल, हें त्या गाडीच्या पुस्तिकेंतच पाहावें.

सांधा बदलतांनाही जॅक त्याच भुजेखालीं हवा, आणि चेसिस भक्कम स्टँडवर टेकलेली असावी. दाबलेली स्प्रिंग एकाएकीं सुटली तर ती प्राणघातक ठरते. याकरितां नट प्रथम थोडाच सैल करून आंट्यांवर राहूं द्यावा आणि निमुळता दांडा ज्या भोंकांत बसला आहे त्याच्या बाजूवर हातोडा मारून तो सुटा करावा. नवा नट टॉर्कच्या पान्यानें ठरल्या जोरानें आवळावा. स्प्लिट पिनचें भोंक जुळत नसेल तर नट आणखी किंचित् आवळावा. मागें कधींही फिरवूं नये.

टाय रॉडचें टोंक काढण्यापूर्वीं त्याचे फेरे मोजून ठेवतात. ही मोजणी गाडी हळूहळू कारखान्यापर्यंत नेण्यापुरतीच उपयोगी पडते. चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घेतल्यावांचून गाडींत माल भरूं नये. नाहींतर नवे सांधे असूनही टायर झिजत जातील, आणि घाटांत गाडी एका अंगास ओढूं लागेल.